साडेबारा ते अडीच: इटलीच्या खेड्यात साधी, चांगली खानावळ कशी शोधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेअखेर दहा दिवस दक्षिण टस्कनीत राहायचं आहे. भाड्याची गाडी, चार माणसं, त्यातले आई-वडील पूर्ण शाकाहारी. नावाजलेली रेस्टॉरंट नकोत, गावातले लोक जेवतात तिथे जेवायचं आहे. नावांची यादी मिळेल का?

यादी मुद्दाम देत नाही. खेड्यातली खानावळ बहुतेक वेळा एका कुटुंबावर चालते. स्वयंपाक करणारी आजी थकली, मुलगा शहरात गेला, की पाटी तीच राहते आणि ताटातलं जेवण बदलतं. दोन वर्षांपूर्वीची यादी म्हणूनच फसवते. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट तपासा: इथली चूल कोणासाठी पेटते? पुन्हा येणाऱ्या माणसासाठी, की पुन्हा कधीच न दिसणाऱ्यासाठी? पुढचं सगळं यातूनच निघतं.

आधी पाटीवरचे शब्द. रिस्तोरांते, त्रात्तोरिया, ओस्तेरिया ही उतरंड जुन्या काळची. ओस्तेरिया म्हणजे दारूचा गुत्ता, सोबत चार घास; त्रात्तोरिया म्हणजे घरगुती खानावळ; रिस्तोरांते म्हणजे जरा रुबाबदार. आज हे शब्द कोणीही कुठेही लावतं. शहरात महागड्या हॉटेलवर ‘ओस्तेरिया’ लिहिलेलं दिसेल आणि गावात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अप्रतिम जेवण देणाऱ्या जागेवर ‘बार रिस्तोरांते’. त्यामुळे पाटीवरून ठरवू नका. ‘कुचीना कासालिंगा’, म्हणजे घरगुती स्वयंपाक, हे शब्दही आता सगळीकडे झालेत. उपयोगी शब्द एकच, ‘प्रांझो दी लावोरो’, म्हणजे कामावरच्या लोकांचं दुपारचं जेवण. काही ठिकाणी ‘मेनू फिस्सो’ किंवा ‘मेनू ओपेरायो’ असंही लिहितात. ‘मेनू तुरिस्तिको’ मात्र नको. शब्दच सांगतो की हे कोणासाठी आहे.

या प्रांझो दी लावोरोवर जरा थांबायला हवं, कारण साधं आणि खरं जेवण सगळ्यात सहज इथेच मिळतं. सोमवार ते शुक्रवार, फक्त दुपारी. साधारण 12 ते 16 युरोत एक प्रीमो (पास्ता किंवा सूप), एक सेकोंदो (मांस, क्वचित अंडं किंवा चीज), एक कोंतोर्नो (भाजी), पाणी, थोडी घरची वाइन आणि शेवटी कॉफी. ओळखायचं कसं? साडेबाराच्या सुमारास बाहेरचं पार्किंग बघा. प्लंबरची व्हॅन, चुन्याचे डाग पडलेला छोटा टेम्पो, नगरपालिकेची गाडी, एखादा ट्रक. आत टेबलावर कागद अंथरलेला, पाण्याच्या बाटल्या आधीच मांडलेल्या, दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेले तीन-चार पदार्थ. सव्वा वाजेपर्यंत जागा भरते आणि दोनला रिकामी होते. हे लोक रोज येतात. भात कच्चा राहिला तर आपल्याकडे मेसवाल्याला जे ऐकावं लागतं तेच इथे पास्त्याबद्दल ऐकावं लागतं. त्या धाकाने स्वयंपाक नीट राहतो. शनिवार-रविवारी मात्र हीच जागा बंद असेल, नाहीतर वेगळ्या मेनूवर आणि दुप्पट दरात चालेल.

अशी जागा गावाच्या मुख्य चौकात फारशी सापडत नाही. चर्चसमोर, जिथून दरीचा फोटो छान येतो, तिथलं भाडंच एवढं की मालकाला पर्यटकांवर चालवावं लागतं. तटबंदीच्या बाहेर, खालच्या नव्या वस्तीत, पेट्रोल पंपाशेजारी, कारखान्यांच्या पट्ट्यात बघा. बहुतेक ‘कोमुने’ला, म्हणजे नगरपालिकेला, काही वाड्या जोडलेल्या असतात, त्यांना ‘फ्रात्सिओने’ म्हणतात. पर्यटकांच्या बसेस पिएन्झा आणि मोंतेपुल्चानोला थांबतात, वाड्यांवर नाही. सिएनाहून रोमकडे जाणारा जुना कास्सिया रस्ता व्हाल दोर्चा खोऱ्यातूनच जातो. त्याच्या कडेच्या जागा आणि मोंते आमियाता डोंगराच्या उतारावरची गावं, उदाहरणार्थ पाऱ्याच्या खाणीचं जुनं गाव आबादिया सान साल्वातोरे, फोटोंसाठी तितकी प्रसिद्ध नाहीत. जेवणासाठी तिथला अर्धा तासाचा फेरा घालावा. हा डोंगर चेस्टनट आणि अळिंब्यांचा, पण त्यांचा हंगाम शरद ऋतूत. मेमध्ये कोणी ‘ताज्या’ पोर्चिनी अळिंब्या आग्रहाने खपवत असेल तर त्या बहुधा गोठवलेल्या किंवा सुकवलेल्या आहेत असं समजा. मेनूत पदार्थाच्या नावापुढे चांदणी दिसली की खालच्या बारीक टिपेत ‘सुर्जेलातो’, म्हणजे गोठवलेला माल, असं लिहिलेलं असतं. एखाद-दुसऱ्या चांदणीचं काही नाही. मेनूभर चांदण्या असतील तर उठावं.

आता वेळ, कारण भारतीय प्रवासी सगळ्यात जास्त इथेच उपाशी राहतात. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसात ते साधारण साडेनऊ-दहा. मधल्या वेळात चूल बंद. ‘थोडंसं काहीतरी गरम करून द्या’ याला उत्तर नकार, आणि त्यात उर्मटपणा नसतो. स्वयंपाकी खरोखर घरी गेलेला असतो. दोन वाजता पोहोचणं ही सुद्धा उशिराची वेळ. पिएन्झात फोटो काढत पावणेतीन झाले, तर समोर फक्त बारमधलं गार सँडविच उरतं. किराणा दुकान, ‘आलिमेंतारी’, तेही एक-दीडला बंद होऊन साडेचार-पाचलाच उघडतं. म्हणून गाडीत रोज सकाळीच थोडा शिधा घेऊन ठेवावा: ‘फोर्नो’तून, म्हणजे बेकरीतून, पाव, दुकानातून टोमॅटो आणि दोन एत्तो पेकोरिनो चीज. एत्तो म्हणजे 100 ग्रॅम; काउंटरवर सगळं याच मापात मागतात. टस्कनीचा पाव अळणी असतो, मीठ विसरलेलं नसतं.

आठवड्याची सुट्टी प्रत्येक जागेची वेगळी, बहुधा सोमवार, मंगळवार किंवा बुधवार. छोट्या गावात दोनच खानावळी असतील आणि दोन्ही एकाच दिवशी बंद, असंही होतं. रविवारी दुपारी सगळी कुटुंबं बाहेर जेवतात, तेव्हा आरक्षणाशिवाय टेबल मिळत नाही. रविवारी रात्री निम्म्या जागा बंद. मेअखेर जाताय म्हणून खास सांगायला हवं: 2 जून हा प्रजासत्ताक दिन, राष्ट्रीय सुट्टी. त्या दिवशी आणि त्याला जोडून शनिवार-रविवार आला तर त्या सगळ्या दिवसांचं दुपारचं जेवण आठवडाभर आधी सांगून ठेवा.

इंटरनेटवर शोधायला हरकत नाही, पण शोधताना इंग्रजी शब्द वापरले तर इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी सजवलेल्या जागाच वर येतात. नकाशा उघडून, वाडीवर बोट ठेवून ‘त्रात्तोरिया’ (trattoria) किंवा ‘प्रांझो दी लावोरो’ (pranzo di lavoro) रोमन लिपीत टाइप करा. प्रतिक्रिया नवीन आधी लावा आणि फक्त इटालियन भाषेतल्या वाचा, भाषांतर करून का होईना. सरासरी गुणांपेक्षा तक्रारी जास्त बोलतात. ‘मेनूत चारच पदार्थ’, ‘सजावट जुनाट’, ‘मालकीणबाई फटकळ’ या तक्रारींचा एक तारा म्हणजे तुमच्यासाठी शिफारसच. ‘बिलात न मागितलेलं आलं’ किंवा ‘पास्ता पुन्हा गरम केलेला’ असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर सोडून द्या. पर्यटकांनी काढलेल्या फोटोंत फळ्यावरचा मेनू शोधा; दोन वेगळ्या महिन्यांतले फोटो असतील आणि पदार्थ बदललेले दिसले, तर इथे बाजार बघून शिजवतात. छापील आधार हवा असेल तर स्लो फूड या संस्थेची ‘ओस्तेरिए दीतालिया’ ही 1990 पासून निघणारी मार्गदर्शिका या कामाला सर्वांत जवळची. तिच्यात गोगलगायीचं चिन्ह मिळालेल्या जागा मात्र आता इतक्या माहीत झाल्यात की आठवडाअखेरीला आधी सांगावंच लागतं.

माणसाला विचारणं सगळ्यात चांगलं, पण प्रश्न नीट हवा. ‘इथे चांगलं जेवण कुठे मिळेल?’ असं विचारलं की समोरचा तुमच्याकडे पाहून परदेशी पाहुण्याला शोभेल अशी जागा सांगतो. त्याऐवजी विचारा: ‘लेई दोव्हे व्हा आ मांजारे ला दोमेनिका?’ म्हणजे, तुम्ही स्वतः रविवारी कुठे जेवायला जाता? आणि दुपारसाठी: ‘कामाच्या दिवशी दुपारी कुठे जेवता?’ विचारायचं पेट्रोल पंपावरच्याला, हार्डवेअर दुकानात, बेकरीत, औषधाच्या दुकानात. ज्या घरी उतरलाय तो मालक बहुधा मेहुण्याच्या हॉटेलात पाठवेल. तेही वाईट नसतं. नात्यातल्याने पाठवलेल्या गिऱ्हाइकाला वाईट वाढायची त्याचीही टाप नसते.

मग फोन. बहुतेकांची पहिली चूक नंबर लावण्यात होते. इटलीतल्या लँडलाइनचा सुरुवातीचा शून्य परदेशी सिमवरूनही गाळायचा नसतो. सिएनाचा कोड 0577. तो +39 0577 असाच लावायचा. मोबाइल नंबर 3 ने सुरू होतो, त्याला शून्य नसतो. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास फोन करा, तेव्हा माणूस तिथे असतो आणि गर्दी नसते. दुपारी एकला केलेला फोन कोणी उचलत नाही. वाक्य एवढंच पुरतं: ‘बुओनजोर्नो, वोर्रेई प्रेनोतारे उन ताव्होलो पेर क्वात्रो, दोमानी आ प्रांझो, अल्लूना.’ चौघांसाठी, उद्या दुपारी, एक वाजता.

शाकाहाराचं फोनवरच सांगा, टेबलावर बसून नव्हे. आणि ‘सेंझा कार्ने’, मांसाशिवाय, एवढंच सांगून भागत नाही. इटालियन कानाला कार्ने म्हणजे मांसाचा तुकडा. हॅम त्यात धरतीलच असं नाही, मांसाचा रस्सा तर नाहीच. पूर्ण वाक्य असं: ‘सिआमो वेजेतारियानी: निएन्ते कार्ने, निएन्ते पेश्शे, निएन्ते प्रोशुत्तो, निएन्ते ब्रोदो दी कार्ने.’ मांस नाही, मासे नाहीत, हॅम नाही, मांसाचं पाणी नाही. टस्कनीत आणखी एक सापळा आहे. ‘सुगो’ हा शब्द पुस्तकात ‘सॉस’ म्हणून शिकवतात, पण इथे नुसता सुगो म्हटलं की बहुधा मांसाचाच सॉस. साधा टोमॅटोचा हवा तर ‘आल पोमोदोरो’ म्हणा. टोमॅटोचा किंवा लोणी-सेजचा (‘बुर्रो ए साल्व्हिया’; सेज म्हणजे एक सुगंधी पाला) पास्ता मेनूत नसला तरी बहुतेक चुलींवर करून देतात.

दक्षिण टस्कनी त्या मानाने शाकाहाऱ्यांना सोपी आहे, कारण इथला मूळ स्वयंपाक गरिबीचा: पाव, घेवडा, पालेभाज्या, तेल. पहिली निवड ‘पीची आल्लाल्योने’. पीची म्हणजे हाताने वळलेली जाड शेवयांसारखी पास्ता, पीठ, पाणी आणि थोडं तेल यांची. काहीजण अंडं घालतात, म्हणून विचारावं. आल्योने हा व्हाल दी कियाना खोऱ्यातला मोठाल्या पाकळ्यांचा सौम्य लसूण. तो तेलात मंद आचेवर विरघळेपर्यंत शिजवून टोमॅटोत मिसळतात. ताट समोर आलं की बघा: सॉस पीचीला चिकटून हवा, ताटाच्या तळाशी पाण्याचं तळं साचलेलं नको. पीची जाडीला थोडी कमी-जास्त असली तर हाताची आहे. सगळी आगपेटीच्या काड्यांसारखी एकसारखी असली तर पाकिटातली. दुसरी ‘रिबोल्लीता’, म्हणजे काळी पालेभाजी, घेवडा आणि शिळा पाव घालून पुन्हा उकळलेलं दाट सूप. आत पानचेत्ता, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, किंवा मांसाचं पाणी नाही ना हे विचारायचं. उन्हाळ्यात ‘पांझानेल्ला’, भिजवलेला पाव, टोमॅटो, कांदा, तुळशीच्या जातीची बासिलची पानं. मारेम्मा भागात ‘आक्वाकोत्ता’, कांदा-टोमॅटोचं सूप, खाली पाव आणि वर अंडं. ‘तोर्तेल्ली मारेम्मानी’त पालक आणि रिकोत्ता असतं, पण वर मांसाचा सॉस पडतो, तिथेच लोणी-सेज सांगावं.

आपली माणसं न विचारता खातात आणि नंतर कळतं, असे पदार्थ हे: ‘क्रोस्तिनी नेरी’ म्हणजे कोंबडीच्या काळजाचा लेप, भाजलेले बटाटे कधी मांसाच्या ट्रेमध्येच भाजलेले, पालेभाजी कधी अँकोव्ही माशात परतलेली. पार्मिजानो रेज्जानो आणि पेकोरिनो रोमानो या चीजसाठी वासराचं किंवा कोकराचं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा जठरातला पदार्थ, वापरतात. ते चालत नसेल तर ‘सेंझा फोर्माज्जो’ सांगा. काही टस्कन पेकोरिनो ‘काल्यो व्हेजेताले’चं, वनस्पतीच्या रेनेटचं, असतं, ते चीजवाल्याकडे मिळतं, हॉटेलात खात्री देता येत नाही. युरोपीय संघाच्या 2011 च्या नियमानुसार चौदा अ‍ॅलर्जींची माहिती द्यावीच लागते, म्हणून अंडं आणि मासा त्या तक्त्यात सापडतो. पण डुकराची चरबी ही अ‍ॅलर्जी नाही, ती तक्त्यात नसते. तक्ता पाहून निर्धास्त झालेले लोक इथेच फसतात. जैन आहार मात्र कठीण. बहुतेक सॉसची सुरुवातच कांद्याने किंवा लसणाने होते. लोणी-सेजचा पास्ता, ‘इन बियांको’ म्हणजे नुसता तेला-लोण्यातला पास्ता आणि उकडलेली भाजी एवढ्यावर दिवस काढावे लागतील.

आग्रितुरिस्मो, शेतघरातलं जेवण, हा दुसरा चांगला मार्ग. 2006 च्या 96 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे तिथे शेती हाच मुख्य व्यवसाय असावा लागतो, आणि स्वतःचा माल किती वापरायचा हे त्या-त्या प्रांताचे नियम ठरवतात. पण सगळ्या आग्रितुरिस्मोत जेवण नसतं. ‘कोन रिस्तोरात्सिओने’ लिहिलेलं बघा. जेवण ठरलेलं, साधारण 25 ते 40 युरोत, घरात शिजेल ते. आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि शाकाहारी असल्याचं तेव्हाच. ऐनवेळी सांगितलंत तर चार पदार्थांपैकी तीन समोरून परत जातील आणि पैसे पूर्ण द्यावे लागतील. त्यात त्यांची चूक नाही.

उन्हाळ्यात चौकाचौकांत ‘साग्रा’ची पोस्टरं दिसतील: गावातली प्रो लोको ही स्वयंसेवी मंडळी एखाद्या पदार्थाची जत्रा भरवते. टेबलावर कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही. आधी कागदावर खुणा करायच्या, खिडकीवर रोख पैसे भरायचे, पावती घेऊन बाकावर बसायचं. पदार्थ त्या गावचा आणि त्या महिन्यातला असेल तरच जा. मेमध्ये चेरी किंवा आर्टिचोक ठीक. मे महिन्यात चेस्टनटची साग्रा दिसली तर समजून घ्या. शेतकऱ्याच्या घरी जाऊन खाण्याची सोय मात्र फक्त टस्कनीत नाही. पुढच्या खेपेला ईशान्येला, स्लोव्हेनियाच्या सीमेजवळच्या त्रिएस्तेकडे गेलात तर कार्सो पठारावर रस्त्याच्या कडेला बाणासोबत झाडाची हिरवी डहाळी टांगलेली दिसेल. ती ‘ओस्मिझा’ची खूण. शेतकऱ्याने आपली वाइन घरातच विकावी ही परवानगी 1784 मध्ये सम्राट दुसरा योसेफ याने दिली, तीही आठ दिवसांपुरती. स्लोव्हेन भाषेत आठ म्हणजे ‘ओसेम’, त्यावरून नाव. तिथे अंडी, चीज, लोणची आणि मांसाचे थंड काप मिळतात, गरम काही नाही.

आता टेबलावर. छापील मेनू नसेल, मालकीणबाई येऊन तोंडी घडाघडा म्हणतील. ऐकून घ्या, मग विचारा: ‘क्वान्तो व्हिएने?’, केवढ्याला? भाव विचारण्यात लाज नाही. चारही टप्पे मागवायची सक्ती नाही. एक प्रीमो आणि एक भाजी हे पूर्ण जेवण आहे. पण चौघांनी मिळून दोन पदार्थ मागवून टेबल अडवलं, तर ते खपत नाही. मांस खाणाऱ्यांनी ‘फियोरेंतिना’, म्हणजे हाडासकट भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा, मागवताना एक बघावं: मेनूतला 5.50 हा आकडा एका एत्तोचा असतो. 1.2 किलोचा तुकडा म्हणजे बारा एत्तो, 66 युरो. वजन करून दाखवतात तेव्हाच हो-नाही म्हणा. पाणी बाटलीचंच येतं, ‘नातुराले’ साधं, ‘फ्रिझ्झान्ते’ बुडबुड्यांचं.

रात्रीचं जेवण हलकं ठेवा आणि मुक्कामाच्या गावातच घ्या. इथले कच्चे रस्ते अंधारात चुकतात, रानडुकरं आडवी येतात, आणि गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे. परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. दुपारी गावात शिरतानाही ‘झेता-ती-एल्ले’ची (ZTL, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाची) लाल वर्तुळाची पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत महिन्यांनी घरी येतो.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. ते ताटकळत ठेवणं नसून टेबल तुमचं आहे असं मानणं असतं. ‘इल कोन्तो, पेर फाव्होरे.’ चौघांचं मेनूवरून मागवलेलं शाकाहारी बिल साधारण असं दिसेल: कोपेर्तो, म्हणजे पाव-टेबलाचा आकार, माणशी 2 प्रमाणे 8; चार पीची 44; चार भाज्या 20; पाण्याच्या दोन बाटल्या 5; अर्धा लिटर घरची वाइन 6; चार कॉफी 6. एकूण 89, माणशी सव्वाबावीस. कोपेर्तो ही फसवणूक नाही, मेनूत खाली लिहिलेला असतो. तो माणशी 4-5 दिसला तर मात्र तुम्ही चौकातल्या हॉटेलात बसला आहात. टिप अपेक्षित नसते. जेवण आवडलं तर सुटे पैसे बशीत राहू द्यावेत आणि जाताना उद्याची सुट्टी आहे का, ते विचारून घ्यावं.